एक्केचाळीस नंबरचं वाक्य

मी चिडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. पुराव्याशिवाय कुणी काही ठोकून दिलं की माझं डोकं फिरतं. इतिहास शिकवण्यात उभं आयुष्य गेलं आणि त्यातला निम्मा वेळ मी एकच प्रश्न विचारण्यात घालवला असेल: हे तुला कुणी सांगितलं? छावणीकडे असलेल्या आमच्या कॉलेजातली पोरं माझी नक्कल करतात ती याच वाक्यानं. जिन्याखाली उभं राहून करतात, त्यामुळे मला वरपर्यंत ऐकू येते. चांगली करतात.

काही वर्षांपूर्वी आम्हा प्राध्यापकांना एका प्रशिक्षणाला बसवलं होतं. विद्यार्थ्यांनी एकेकट्यानं घोकण्यापेक्षा मिळून कसं शिकावं, हा विषय. बाकीचे लोक जेवणाची चौकशी करत होते, पण मला त्यातली विकी आवडली. एक पान उघडायचं, त्यावर वर्गातल्या कुणीही लिहायचं, दुसऱ्यानं ते दुरुस्त करायचं, तिसऱ्यानं त्यात भर घालायची. पान कुणा एकाचं नाही. आणि प्रत्येक पानाच्या मागे एक यादी असते. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय लिहिलं आणि काय पुसलं, सगळं तिच्यात राहतं. पुसलेलंही जात नाही. मला वाटलं, हे तर माझ्यासाठीच केलंय.

मग दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी कामाला लावलं. विषय दिला, जुन्या शहराचं पाणी. आपल्या शहराच्या पोटातून नहरीचे, म्हणजे जुन्या भुयारी कालव्याचे, नळ गेलेत, ठिकठिकाणी हौद आहेत, बुजवलेल्या विहिरी आहेत, आणि आपण मात्र नळाला पाणी कधी येणार म्हणून आठवडाभर पिंपाकडे बघत बसतो. प्रत्येकानं एक जागा निवडायची आणि तिचं पान करायचं. नियम दोन. एक, प्रत्येक वाक्याला संदर्भ हवा. दोन, वर्ष संपताना प्रत्येकाचं निदान एक वाक्य पानावर टिकलेलं हवं. ज्याचं काहीच टिकलं नाही त्याला अंतर्गत गुण नाहीत.

खाती मीच काढून दिली. नावं टाकत बसण्यापेक्षा हजेरीचे नंबर टाकले. पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग पासवर्ड विसरून माझ्यासमोर रांगेत उभा राहिला, तेव्हा वैतागून मी सगळ्यांचा पासवर्ड एकच करून टाकला आणि फळ्यावर लिहून दिला. कामाच्या गडबडीत केलेला शहाणपणा. त्याचं पुढं काय होईल हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

एक्केचाळीस नंबर म्हणजे खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसणारी एक सडसडीत मुलगी. पहिल्या तासाला ती पेंगायची. डोळे उघडे ठेवण्याची तिची धडपड मला समोरून दिसायची आणि माझा पारा चढायचा. रात्रभर मोबाईल बघत बसतेस का, असं मी तिला दोनदा सगळ्यांसमोर विचारलं. ती नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. नुसती सरळ होऊन बसली.

तिनं निवडलेली जागा शहागंजच्या मागच्या एका गल्लीत होती. फरशी टाकून बंद केलेली एक विहीर. पान अगदी रिकामं होतं, कारण त्या विहिरीबद्दल कुठं काही छापलेलंच नाही. त्या पानावर तिनं एक वाक्य लिहिलं:

या विहिरीवर फरशी टाकलेली आहे पण कान देऊन ऐकलं तर खालून पाणी वाहताना ऐकू येतं

शेवटी पूर्णविरामही नव्हता. मी ते पुसलं आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'ऐकीव माहिती. संदर्भ?' दोन दिवसांनी वाक्य परत आलं. तसंच, पूर्णविरामाशिवाय, आणि त्याच्यापुढं 'संदर्भ: माझे वडील' असं जोडलेलं. मी पुन्हा पुसलं. कारण लिहिलं, 'वडील हा संदर्भ होत नाही.'

मला ते माझं वाक्य आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पडदा लावून मी ते वर्गाला दाखवलं. संदर्भ म्हणजे काय आणि काय नाही, याचं उदाहरण म्हणून. वर्ग हसला. तीही मान खाली घालून हसली. त्यानंतर तिनं काही लिहिलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं, असं कळलं. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. मग मी हजेरी घेतली आणि चाळीसनंतर एकदम बेचाळीस म्हणाले. त्या दोन नंबरांमध्ये वर्ग इतका गप्प झाला की मला पुढचे नंबर घाईघाईनं उरकावे लागले. हे पुढं रोजचंच झालं. माझ्या वर्गात एरवी हजेरी म्हणजे नुसता तमाशा असतो. एकाच्या नंबराला दुसरा 'हजर' ओरडतो, आवाज बदलून, तोंडासमोर वही धरून. मला सगळं कळतं, पण रोज कुणाकुणाशी भांडणार? तर तेवढ्या एका जागेला कुणी काही करायचं नाही. चाळीस झालं की सगळे आपापल्या बाकाकडे बघायचे.

डिसेंबरात एका दुपारी पानं तपासताना शहागंजच्या विहिरीचं पान उघडलं आणि ते वाक्य तिथं होतं.

या विहिरीवर फरशी टाकलेली आहे पण कान देऊन ऐकलं तर... सगळं तसंच. पूर्णविराम नाही. मागची यादी उघडली. लिहिणारा: ४१. तारीख आदल्या दिवसाची.

मी आधी यंत्राला दोष दिला. आपल्याला कळत नसलं की यंत्राचंच काहीतरी बिघडलेलं असतं. जुनं काहीतरी पुन्हा वर आलं असेल, असं स्वतःला सांगून मी ते पुसलं. दोन दिवसांनी परत होतं. पुसलं. पुन्हा आलं. प्रत्येक वेळी नंबर तोच. आता मला राग यायला लागला. कुणीतरी टवाळ पोरगं मेलेल्या मुलीच्या नावानं खेळ करतंय, आणि तोही माझ्याशी. सापडू दे म्हटलं.

माझ्या तासाला सगळ्यांचे मोबाईल टेबलावरच्या वेताच्या टोपलीत जमा करावे लागतात. एका मंगळवारी तास घेता घेता सहज म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर ते पान उघडं ठेवलं. सकाळीच मी वाक्य पुसलं होतं. पान रिकामं होतं. टोपली माझ्या हाताशी, वर्ग माझ्या डोळ्यांसमोर, प्रत्येकाच्या हातात फक्त पेन. दहा मिनिटांनी पान पुन्हा उघडलं तर वाक्य आलेलं. मी मान वर करून त्या सगळ्यांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बेचाळीस नंबर एकटीच बसली होती, पलीकडच्या टोकाला, जागा सोडून. तासाचं पुढचं काय शिकवलं ते मला आठवत नाही.

त्या दिवशी मी ते पुसलं नाही. पुसायला हात धजला नाही, असं म्हणते. घरी गेल्यावर स्वतःचीच लाज वाटली. अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देणारी बाई मी. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो आठवडाभर हसला असता, म्हणून सांगितलं नाही. आमच्या पुंडलिकनगरात त्या संध्याकाळी पाण्याची पाळी होती. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, लांबून कुणी घसा खाकरत यावं तशी. इतकी वर्षं तो आवाज ऐकला की मी बादल्या घेऊन धावते. त्या दिवशी मी नळाजवळ गेले नाही. नवराच गेला आणि काय झालं म्हणून विचारत राहिला.

दुसऱ्या दिवशी ठरवलं की याचा छडा लावायचाच. दुपारी तीनच्या सुमारास स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. वाक्य मी पुसलं, आणि पासवर्ड तर मीच दिलेला होता, म्हणून एक्केचाळीसच्या खात्यात शिरले. वरच्या कोपऱ्यात आता माझ्या नावाऐवजी ४१ दिसायला लागलं. मेलेल्या माणसाची पिशवी उघडल्यासारखं वाटलं मला. आत फारसं काही नव्हतं. आपल्याला ज्या पानांवर लक्ष ठेवायचं असतं त्यांची एक यादी करता येते. तिच्या यादीत एकच पान होतं. ते वाक्य मी पुसतेय का, हे ती बघत राहायची तर.

मी त्या पानावर गेले. ते रिकामं होतं. मी तशीच बसून राहिले, त्या नंबराखाली. मग पान पुन्हा उघडलं आणि वाक्य तिथं होतं. मागची यादी बघितली. ४१, तीन वाजून सात मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून सात मिनिटंच झाली होती. एक्केचाळीसच्या खात्यात त्या घटकेला मी बसले होते, आणि मी काही लिहिलं नव्हतं.

मी घाबरले, सरळ सांगते. लॅपटॉप बंदसुद्धा न करता पर्स उचलून मी बाहेर आवारात येऊन उभी राहिले, आणि शिपाई विचारायला लागला की मॅडम, बरं वाटत नाय का.

एकच खातं चार ठिकाणांहून एकाच वेळी उघडता येतं, ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. पण भीती वाटत असताना माहीत असलेलं काही कामाला येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली नाही. वर्गाला सांगितलं की एक्केचाळीसच्या खात्यातून कुणीतरी लिहितंय, आणि ते कोण हे कळल्याशिवाय मी आज शिकवणार नाही. आवाज चढवायचं ठरवून गेले होते, पण तो चढेना. मग बेचाळीस उभी राहिली. ही मुलगी एरवी तोंडातून शब्द काढत नसे.

"आम्ही सगळेच लिहितो, मॅडम," ती म्हणाली. "तिचं एकच वाक्य होतं."

मग हळूहळू बाकीचे बोलायला लागले आणि सगळं बाहेर आलं. सुट्टीनंतर त्यांनी आपापसात ठरवलं होतं. एकमेकांची हजेरी लावायची सवय होतीच. तिच्या नंबराला 'हजर' म्हणायची छाती मात्र कुणाची झाली नाही. मग निदान तिचं वाक्य तरी टिकवायचं, म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे ती वर्गात राहते. कुणी लिहायचं, याचा नियमही त्यांनी केला होता. ती गैरहजर, तर त्या दिवशी जो गैरहजर असेल त्यानं तिचं काम करायचं. आजारी पडलेला अंथरुणातून लिहायचा, गावी गेलेला एसटीतून. मंगळवारी एकजण बहिणीच्या साखरपुड्याला गेला होता, त्यानं मांडवातून लिहिलं होतं. बुधवारी तीन वाजून सात मिनिटांनी लिहिलं ते दाढ काढायला गेलेल्या मुलीनं, दवाखान्याच्या बाकावर बसून.

मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी फळा पुसायला वळले. फळा कोराच होता. मी एका मेलेल्या मुलीशी भांडतेय असं समजत होते, आणि आख्खा वर्ग मिळून माझ्याशी भांडत होता. मिळून शिकणं म्हणतात ते हेच असावं, आणि ते मी शिकवलेलं नव्हतं. वाक्य राहू द्या, असं मी त्यांना सांगितलं. बरं वाटायला हवं होतं. भुताचा उलगडा झाला होता. पण त्या पानाकडे गेलं की मला अजून कसंतरी व्हायचं, आणि आता कारण दुसरं होतं. सगळा घोळ निस्तरला तरी मूळ प्रश्न तसाच राहिला होता. तिथं पाणी वाहतं का?

जानेवारीत तिचे वडील कॉलेजात आले. वाचनालयाचं एक पुस्तक तिच्याकडे राहिलं होतं, ते परत करायला. बेचाळीस त्यांना माझ्याकडे घेऊन आली. पन्नाशीला टेकलेला माणूस, खाकी शर्ट, डोक्याला रुमाल बांधलेला, पायात रबरी बूट. पुस्तकाला त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. एका ठेकेदाराकडे पाणी सोडायचं काम करतो, असं त्यांनी सांगितलं. गल्लोगल्लीच्या चाव्या फिरवायच्या, कुठं नळ फुटला तर शोधून काढायचं. ते दारातच उभे राहिले होते. बसा भाऊ, असं मी तीनदा म्हटल्यावर बसले.

पोरीनं काही लिहिलं होतं असं ऐकलं, ते बघायचं होतं त्यांना. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ते वाक्य त्यांनी ओठ हलवत वाचलं. मग त्यांनी विचारलं की हे तिनं कवा लिहिलं? मी तारीख दाखवायला म्हणून मागची यादी उघडली, आणि तिच्या नंबराच्या लगेच वर माझं नाव होतं आणि माझी ती ओळ. मला ती खाली सरकवायला वेळ मिळाला नाही. त्यांचं बोट पडद्यावर एकेका अक्षराखालून चाललं होतं. संदर्भ, माझे वडील. त्याच्या वर, वडील हा संदर्भ होत नाही.

जमीन दुभंगावी असं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. मी काहीतरी बोलायला लागले, की तो नियम असतो, सगळ्यांनाच असतो. ते मान हलवत होते.

"तुमचं बरोबर हाय, मॅडम," ते म्हणाले. "मला तिथं कायबी ऐकू येत नाय."

मला समजलं नाही. त्यांनी एकदा बेचाळीसकडे बघितलं. ती बाहेर गेली. मग ते खालच्या आवाजात बोलले. फुटलेला नळ शोधायचा तर पहाटे, गलका नसताना, लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावायचा. खाली पाणी गळत असेल तर सळईतून आवाज येतो. हे काम त्यांनी जन्मभर केलं. पण पंपाच्या खोलीत इतकी वर्षं काढल्यामुळे त्यांचे कान गेले होते. बोललेलं समजतं, सळईतलं बारीक काही येत नाही. हे ठेकेदाराला कळलं असतं तर काम गेलं असतं. दोन वर्षं झाली, रोज पहाटे ती त्यांच्याबरोबर जायची. मोटारसायकलवर मागे सळई धरून बसायची. ते सळई टेकवायचे, ती कान लावायची आणि सांगायची, इथं हाय, इथं नाय. लोकांनी बघितलं तर बाप पोरीला काम शिकवतोय असं वाटायचं. तिथून ती घरी जायची, आंघोळ करायची आणि माझ्या पहिल्या तासाला यायची.

मी तिला वर्गात काय विचारलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. ते धैर्य मला आजही नाही. इथं लिहिते आहे तेवढंच.

शहागंजच्या विहिरीवर तिला पहिल्यांदा आवाज आला तेव्हा त्यांनी ठेकेदाराला सांगितलं होतं. ठेकेदार हसला. ती जुनी कोरडी विहीर आहे, म्हणाला, तुमचे कान वाजतात. घरी येऊन त्यांनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, पाणी हाय बाबा, तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवा. पण माझ्या पानावर तिनं स्वतःचं नाव न घालता त्यांचं घातलं होतं. का, ते आता त्यांना कळलं आणि मलाही. तिथं ऐकणारा बापच आहे, असं जगाला वाटत राहायला हवं होतं.

"ती खोटं बोलत नव्हती ना, तेवढं मला कळाय पायजे," ते म्हणाले. "तापात होती तवाबी तेच म्हणायची. म्हणून आलो."

पुस्तकाचं नुसतं निमित्त होतं. मी पर्स उचलली.

शहागंजात भर दुपारची गर्दी होती. मागच्या गल्लीत मात्र कुणी नव्हतं. एका चपलांच्या दुकानाच्या पायरीला लागून ती फरशी होती, वर रिकाम्या खोक्यांची उतरंड. दुकानदार म्हातारा होता. आम्ही काय करतोय हे कळल्यावर त्यानं खोकी बाजूला केली, पण हात झटकत मला म्हणाला, "बाजी, इधर पानी-वानी कुछ नहीं है. मैं पैदा हुआ तब से सूखी पडी है." मग तो आत जाऊन बसला आणि आमच्याकडे पाठ केली.

वडिलांनी सळई आणली होती. टोकाला झिजून चकचकीत झालेली. त्यांनी ती फरशीच्या फटीतून खाली सोडली, विहिरीच्या आतल्या दगडी कडेला टेकवली आणि मला खूण केली. मी रस्त्यात गुडघे टेकून बसले. लोखंड गालाला गार लागलं. आधी बाजाराचा नुसता घुमारा आला. मग माझ्याच कानातली धडधड. मी डोळे मिटले. आता त्यांना नाही म्हणायला लागणार, आणि कसं म्हणायचं, याचाच विचार माझ्या डोक्यात होता. मग त्या धडधडीच्या खाली दुसरं काहीतरी ऐकू आलं.

ते माझं नव्हतं. माझ्या ठोक्याशी त्याचा मेळ बसत नव्हता. फार खोल होतं आणि फार स्पष्ट. मी डोळे उघडले.

"येतंय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी स्वतः कान लावला. खूप वेळ लावून ठेवला, आधी एक, मग दुसरा. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. सळई पुन्हा माझ्याकडे करत त्यांनी विचारलं की कसं येतंय, सांगा. पाणी वाहतंय असं मी त्यांना छातीठोक सांगू शकले असते, पण मला आलेला आवाज वाहण्याचा नव्हता. तो थांबत थांबत येत होता. एक, मग जरा वेळानं एक. बापासमोर ते बोलायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

"ती म्हणायची," तेच म्हणाले, "पाण्यातनं कुणीतरी हळू चालतंय, बाबा."

मी तेच ऐकत होते. उथळ पाण्यात कुणी पाऊल टाकावं, ते उचलावं, पुन्हा टाकावं, असंच होतं ते. त्याला काहीतरी कारण असणार. जुन्या नळाला कुठंतरी भोक असेल, थेंब साचून पडत असतील. इतिहासाच्या माणसाला एवढं सुचतं. पण मला ती पावलं ऐकू येत होती, आणि मी हो म्हणून मान हलवली.

त्यांनी डोक्याचा रुमाल काढला. माझ्याशेजारी रस्त्यातच उकिडवे बसले.

"जातंय का येतंय, मॅडम?" त्यांनी विचारलं. "तेवढं नीट ऐकून सांगा मला."

मी पुन्हा कान लावला. गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडी खडखडत गेली तेव्हा ते बंद झाल्यासारखं वाटलं, पण गाडी गेल्यावर होतंच. मी श्वास धरून मोजत राहिले. एक, मग एक. लांब जात असतं तर बारीक होत गेलं असतं, जवळ येत असतं तर वाढलं असतं. दोन्ही होत नव्हतं. पुरावा असल्याशिवाय मी काही बोलत नाही, म्हणून मी बराच वेळ तशीच बसले, गुडघे दुखायला लागेपर्यंत.

"कुठं जात नाहीये," मी म्हणाले. "तिथंच आहे."

त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मी सळई सोडली नाही, कारण ते मला सोडा म्हणाले नव्हते.